पानावर नसलेल्या गोष्टी

लाउका, ११ जानेवारी १९९८

एन्सिओ,

फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. काय बरं? इथे काहीही बरं नाही. आणि तो फोन तरी कुठे, खानावळीच्या स्वयंपाकघरात. मागे चमचे वाजत असतात, कुणीतरी नॉर्वेजियनमध्ये मीठ मागत असतं. अशात माणूस काय बोलणार?

म्हणून लिहितेय. तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पत्र? त्याला वाचायला लावतेस?" आणि लगेच जीभ चावली. कारण आपल्या घराण्यात कुणालाच वाचायचा त्रास नाही, असं ती गावभर सांगत असते.

तूच म्हणाला होतास की खानावळवाल्या बेरितबाई तिकडच्या जुन्या फिनिश घरातल्या आहेत आणि गड्यांचे कागद त्याच वाचून देतात. तर बेरितबाई, नमस्कार. मी सोइन्तु, याची बायको. मोठ्यानं वाचणार असाल तर आधी दार लावून घ्या.

आपली इल्मा पुस्तकाला हात लावत नाही. पितृदिनापासून. तुला तो विषय नको आहे, पण बेरितबाईंना तू काही सांगितलं नसशील, म्हणून मीच सांगते. नोव्हेंबरात पितृदिनाला बालवाडीत सगळ्या बाबांना न्याहारीला बोलावलं होतं. लापशी झाली, कॉफी झाली, आणि तिथल्या शिक्षिका आइलाबाई म्हणाल्या, आता एकेका बाबांनी एकेक पुस्तक वाचून दाखवायचं. मी दारात कोट अडकवत होते. तू उठलास आणि मी कोट तसाच हातात धरून उभी राहिले. तुझा चेहरा मात्र अगदी निवांत. तू अस्वलाचं पुस्तक उचललंस, पानं उलटत गेलास, आणि दाढ दुखणारं अस्वल दंतवैद्याच्या खुर्चीत कसं अडकलं ते असं रंगवलंस की पोरं जमिनीवर लोळत होती. चित्रातलं अस्वल टोपली घेऊन आजीकडे निघालं होतं, ते कुणी बघत नव्हतं.

इल्माच्या वर्गातला वाल्टेरी बघत होता. "असं नाही लिहिलंय," तो म्हणाला. "मला वाचता येतं. यात दंतवैद्य नाहीच."

दोन-चार बाबा हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. इल्मा उठली आणि वाल्टेरीच्या दंडाला कडकडून चावली. "माझे बाबा असंच वाचतात! दर वेळी नवीन! तुझ्या बाबांचं रोज तेच ते!"

तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. सगळ्यांना कळलं. तू टोपी घातलीस, वाल्टेरीच्या बाबांची माफी मागितलीस, आणि पुढच्या रविवारी तू उत्तरेच्या गाडीत होतास. म्हणे तिकडे नॉर्वेत बोटींच्या दुरुस्तीचं काम चांगलं मिळतं. लाउकात बोटी नाहीत वाटतं.

काल इल्मानं विचारलं, "वाल्टेरी खरं बोलला होता का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तर म्हणाली, "जाऊ दे."

सहा वर्षांची पोर "जाऊ दे" म्हणते, एन्सिओ.

सोइन्तु


लाउका, २ फेब्रुवारी

एन्सिओ,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी टपालपेटीकडे रोज जाते, शेजारीण आता हसायला लागली आहे.

आइलाबाईंनी इल्माची तपासणी केली. ऑगस्टात शाळा सुरू होणार, त्याआधी वाचनासाठी मूल कितपत तयार आहे ते बघतात. मला खोलीत बसू दिलं, बोलायचं नाही या अटीवर. मी तोंडात हातमोजा धरून बसले होते म्हण.

आधी चित्रं. रेघांचं नुसतं जाळं, त्यात मासा, किल्ली, पतंग लपवलेले. मला किल्ली शेवटपर्यंत दिसली नाही. इल्मानं सगळं बोटानं गिरवून दाखवलं, वर आइलाबाईंना म्हणाली, "इथे एक बूटपण आहे." तो बूट त्यांनाही नवीन होता. ठोकळे बघून तसेच रचायचे, अर्धं चित्र पुरं करायचं, सगळं तिनं खेळल्यासारखं केलं. मी मनात म्हटलं, सुटलो. काही नाही पोरीला.

मग चित्रांची पानं. शब्द ऐकायचा आणि चित्र दाखवायचं. आइलाबाई म्हणाल्या, "तूली." वारा. इल्मानं आगीवर बोट ठेवलं. त्या पुन्हा म्हणाल्या, ओढून, "तूऽली." पुन्हा आग. तिसऱ्यांदा तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आगीवरच बोट दाबून धरलं, जणू ती विझवायचीय. आपली भाषाही कसली बघ, स्वर जरा आखडून ‘तुली’ झालं की वाऱ्याची आग होते.

मग नाव लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावं तसं, आणि खूश होऊन दाखवलं. एकाच काठीला पोट असलेली ती दोन अक्षरं, बी आणि डी, तर तिला एकच वाटतात. आइलाबाईंनी विचारलं, "ही दोन सारखी आहेत का गं?" इल्मा म्हणाली, "एकच आहे. ते फक्त वळून बसलंय."

नंतर मला त्यांनी समजावलं. खुर्ची उलटी केली तरी खुर्चीच राहते, मांजरानं तोंड फिरवलं तरी ते मांजरच. मूल जन्मापासून हेच शिकतं आणि बरोबर शिकतं. अक्षरांपाशी आलं की आपण त्याला म्हणतो, ते विसर, इथे वळलं की दुसरंच होतं. बहुतेक मुलं थोडे दिवस गोंधळतात आणि सावरतात. इल्माला ते जड जाईल, आणि आवाज सुटे करणं त्याहून जड. धोका आहे, म्हणाल्या. आजार नाही, धोका. आत्ता हात दिला तर पुष्कळ फरक पडतो. शाळेत नापास व्हायची वाट बघितली तर मूल आधी स्वतःला मठ्ठ ठरवतं, मग वाचायचं सोडतं.

त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आहे का?"

तुझी गोष्ट तू सांगायची. मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या मूर्ख नाहीत, त्या पितृदिनाला तिथेच होत्या.

युवास्क्युलाच्या विद्यापीठातली माणसं अशा मुलांचा एक गट घेतायत, शाळेआधीच सराव सुरू करायला. ज्यांच्या आईला किंवा वडलांना हाच त्रास आहे अशी मुलं घेतात, आणि त्या आईबाबांनाही तिथे बसून वाचून दाखवावं लागतं. हे सगळं मार्चअखेरपर्यंत व्हायला हवं.

बेरितबाई, इथे जरा थांबा आणि त्याच्याकडे बघा. उठून बाहेर गेला ना? येईल परत. थंडी आहे.

सोइन्तु


लाउका, १ मार्च

एन्सिओ,

ऐक, तुझ्या आईचा पराक्रम. फेब्रुवारीतल्या स्कीच्या सुट्टीत ती इल्माला "पोहायला नेते" म्हणून घेऊन गेली आणि शहरात एका चष्मेवाल्याकडे जाऊन आली. निळ्या काचांचा चष्मा! अक्षरं नाचायची थांबतात म्हणे. "डोळ्यांचंच आहे," हेल्वीआई म्हणाली. "तुझी ती बाई उगाच रक्तात शोधत बसलीय."

मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. मलाही ते डोळ्यांचंच हवं होतं. डोळ्यांचं असतं तर चष्म्यावर भागलं असतं, कुणी कुणाला काही सांगायला नको, तुला यायला नको. आठवडाभर मी रोज सकाळी तिच्या नाकावर तो चष्मा चढवला आणि समोर पुस्तक ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसले. कामावर तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बसून लोकांना चुकीची तिकिटं दिली, डोक्यात तेच.

शेवटी आजीनं विचारलं, "काय राणी, आता कशी दिसतात अक्षरं?"

"निळी दिसतात," इल्मा म्हणाली. "पण अजून बोलत नाहीत."

हेल्वीआई उठून कॉफी करायला गेली. चष्मा सध्या इल्मा आणि तिच्या मैत्रिणी शेजारच्या कुत्र्याला घालून बघतात. त्यालाही फरक नाही.

आइलाबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचे डोळे माझ्या-तुमच्याहून चांगले आहेत. अक्षर डोळ्यांना दिसतं, पण त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचायला वाट हवी. ती वाट पायानं मळावी लागते, रोज थोडी."

महिना संपत येईल बघता बघता. मी एका जागी बसू शकत नाहीये. भांडी घासता घासता जिन्यावरचा बर्फ काढायला जाते, बर्फ अर्धा टाकून फोनपाशी येते. फोन करत नाही. तू "बरं" म्हणशील.

सोइन्तु


बोत्स्फ्योर्ड, १२ मार्च

सोइंतू

तूझी पत्र मीळाली. पहीलं बेरितबाइनी वाचलं. दूसरं हातात दीलं आणी मनाल्या हे तुच वाच मि भांडि घासते. खुप वेळ लागला. त्यांची भांडि संपलि तरि त्या घासत होत्या.

शाळेत मास्तर मनायचे एन्सिओ उभा रहा वाच. मि आदल्या संध्याकाळी पाठ करुन यायचो. आइ वाचुन दाखवायचि मि पाठ करायचो. एकदा मास्तरानि पान बदललं.

इल्माला उभं करु देउ नको.

आइलाबाइना सांग माझ्याकडुन आलं. तसं लीहून दे.

मि येनार नाही. लोकांपुढं मि पून्हा वाचनार नाही. ते सोडुन काय पन सांग.

एन्सिओ


लाउका, १८ मार्च

एन्सिओ,

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर उभ्यानंच वाचलं. हातमोजे काढले ते घालायचं राहिलं. इतक्या वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं पत्र आहे. त्यावर काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण दुसरं सांगायचंय आणि ते आधी सांगितलं नाही तर मी शेपूट घालीन.

आइलाबाईंना सांगितलं. त्यांनी तुला धन्यवाद कळवलेत. पण कागदावर भागत नाही. गटाला खरंच बघावं लागतं, नुसतं ऐकीव चालत नाही.

मी तुला "ये" म्हणणार नव्हते. तू नको म्हणालास ना, संपलं. गट नाही तर नाही, आइलाबाई आहेत, मी आहे, करू काहीतरी. असं ठरवून काल संध्याकाळी इल्माला आणायला तुझ्या आईकडे गेले. मागच्या दारानं. स्वयंपाकघरात हेल्वीआई टेबलाशी बसली होती, पुढ्यात बालवाडीचं पुस्तक. एक ओळ ती वाचत होती आणि इल्मा डोळे मिटून तीच ओळ म्हणत होती. पुढच्या आठवड्यात मुलांनी आवडतं पान दाखवायचंय म्हणे.

"पुन्हा म्हण," तुझी आई सांगत होती. "पान उलटताना बोट असं ओळीखालून फिरव. कुणाला कळणार नाही."

इल्मा बोट फिरवत होती, एन्सिओ. डोळे मिटून.

पोरीला कोट घातला आणि घरी आणलं. आता तू ठरव. बेरितबाई, हे पत्र तुम्ही वाचू नका. त्याला वाचू दे.

सोइन्तु


लाउका, १६ ऑगस्ट

प्रिय बेरितबाई,

एन्सिओ म्हणतो, तुम्ही मार्चपासून विचारताय की घरी काय झालं; तिथे असताना त्यानं सांगितलं नाही, आणि आता तो फोनवर "बरं" म्हणून ठेवून देतो. मग मीच लिहायला बसले.

मार्चात तुम्ही त्याला बसमध्ये बसवून दिलंत, सोबत सुक्या माशांची पिशवी दिलीत. पिशवी पोचली, घराला अजून वास येतो. तो न कळवता आला. रविवार होता, हेल्वीआई जेवायला होती, सॅल्मन माशाचं सूप वाढलेलं. तो बूट काढून टेबलाशी बसला, पोरीला मांडीवर घेतलं. मग सासूबाईंनीच तोंड उघडलं. "बरं झालं आलास. आता तू सांग हिला. आपल्यात असलं कुणाला नाही. पोरगी जरा आळशी आहे, एवढंच."

"आई," तो म्हणाला, "मला वाचता येत नाही."

"काहीतरीच बोलू नकोस!"

"नीट येत नाही. तुला ठाऊक आहे. माझं पान तूच पाठ करून घ्यायचीस."

"मग काय करायला हवं होतं मी?" सासूबाई ओरडल्याच. "ते तुला मागे बसवत होते! मठ्ठांच्या रांगेत! मी काय बघत बसायचं होतं?"

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण तो हळूच म्हणाला, "तुला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक आहे. इल्माला पाठ करायला लावू नकोस."

सासूबाईंनी ताटली उचलली, घासली, पुसली, कोट घातला आणि गेल्या. पुढे बरेच दिवस आल्या नाहीत. मग एके दिवशी वेलदोड्याचा पाव घेऊन आल्या आणि हवापाण्याचं बोलत बसल्या. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही, पाव आणतात.

बुधवारी आम्ही युवास्क्युलाला गेलो. एक तरुण बाई होती, तिनं टेबलावर कागद मांडले. साधे शब्द, मग परिच्छेद, मग असे शब्द की ज्यांना अर्थच नाही. कुणी पाठ करून येऊ नये म्हणून मुद्दाम बनवलेले. ती म्हणाली, मुलीला बाहेर खेळायला पाठवू. एन्सिओ म्हणाला, "राहू दे इथेच." मला ते पटलं नव्हतं. मी त्याच्याकडे डोळे मोठे केले, त्यानं बघितलं नाही.

आणि तो वाचायला लागला. बेरितबाई, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला वाचताना ऐकलं नव्हतं. गोष्टी सांगताना या माणसाचा आवाज कसा वाहतो ते तुम्हाला माहीत आहे. तो आवाज दगडावर आपटल्यासारखा थांबायचा, मागे यायचा, पुन्हा आपटायचा. मानेवरून घाम. एका शब्दापाशी तो इतका थांबला की मी मनात तो शब्द ओरडत होते. तरुण बाई नुसती घड्याळाकडे आणि कागदाकडे बघत होती. इल्मा कोपऱ्यात चित्र काढत होती, तिचा खडू थांबला. उठून त्याच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, तुझ्याशीपण अक्षरं बोलत नाहीत?"

"बोलतात," तो म्हणाला. "फार हळू. फार वेळ थांबावं लागतं."

"मग थांब," इल्मा म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. त्यानं कागद संपवला. बाहेर आल्यावर त्यानं ओंजळभर बर्फ उचलून तोंडाला चोळला, आणि आम्ही गाडीत बसलो.

इल्माला गटात घेतलं. तो तुमच्याकडे परतला आणि जूनमध्ये काम संपवून आला, ते तुम्ही जाणताच. सराव अजून चालू आहे. आवाज ऐकायचा, अक्षर शोधायचं, रोज थोडं, कंटाळा यायच्या आत थांबायचं. वारा आणि आग आता तिला वेगळे ऐकू येतात, बहुतेक वेळा. पोटवाली अक्षरं अजून वळून बसतात. एखाद्या दिवशी सगळं येतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच येत नाही, आणि त्या दुसऱ्या दिवशी माझा जीव नुसता वरखाली होतो. एन्सिओचा तेवढा होत नाही. तो म्हणतो, "मलाही मंगळवारी जमायचं आणि बुधवारी नाही." हे तो आता बोलतो. बाकी आमचं सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. तो मला एक शब्द न बोलता निघून गेला होता, ते मला अजून सलतं. भांडतो आम्ही. समोरासमोर भांडतो, एवढंच.

या आठवड्यात शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आईबाप मागे भिंतीला उभे. एन्सिओ माझ्या शेजारी होता, टोपी हातात चुरगाळत. त्याची नजर बाकांवर नव्हती, दारावर होती. बाई नवीन, तरुण, प्रेमळ, पण तोंडातून आलाच तो प्रश्न: "कुणाकुणाला आधीच वाचता येतं बरं?"

हात वर गेले. जवळजवळ सगळे. इल्माचे दोन्ही हात बाकावरच. मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे वाकून म्हणाली, चांगली मोठ्यानं, "हिला नाही येत!"

इल्मा मागे वळली. मला वाटलं, चावते आता.

"नाही येत," ती म्हणाली. "म्हणून तर आलेय."

वर्गात कुणीतरी हसलं, बाईसुद्धा हसल्या, इल्माही हसली. मी शेजारी बघितलं तर एन्सिओ तिथे नव्हता. मला वाटलं, पुन्हा गेला हा. मी बाहेर धावले. तो व्हरांड्यात, मुलांचे कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभा होता. प्रत्येक खुंटीवर नावाची चिठ्ठी. तो बोट ठेवून एकेक चिठ्ठी वाचत चालला होता, ओठ हलवत, इल्माची खुंटी शोधत. तिचा कोट त्याच्या खांद्यावर होता.

मी सांगितलं नाही कुठली ते. उभी राहिले.

तुमची,
सोइन्तु